स्टुडबेकर : एका घराण्याचा शब्द आणि एका कारखान्याचा अंत



अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायसलर ही तीन नावे ठरलेली असतात. या तिघांच्याही कितीतरी आधी, मोटार नावाची वस्तू जगात येण्यापूर्वीच, चाके आणि गाड्या बनवू लागलेले एक घराणे अमेरिकेत होते. त्याचे नाव स्टुडबेकर. आज ते नाव नव्या पिढीला ठाऊक नाही. आपल्यातल्या सत्तरी-ऐंशीच्या मंडळींना मात्र ते आठवत असेल, कारण हिंदुस्थानातही या गाड्या जोडल्या जात. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली ओखा बंदरात सुरू झाली. ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होते, म्हणजे आपल्यापैकी काही घराण्यांच्या चाकरीच्या मुलखातच. पुढे ती कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली आणि मॉरिसबरोबर स्टुडबेकरच्या गाड्याही तेथे जोडल्या जाऊ लागल्या. माझे वडील या नावाचा उच्चार ‘श्टुडीबेकर’ असा करीत आणि मजबूत, दणकट माणसासाठी ते विशेषण म्हणूनही वापरीत.

१८५२ साली सुरू झालेला हा उद्योग १९६६ साली मोटारीच्या धंद्यातून कायमचा बाहेर पडला. एकशे चौदा वर्षांचे आयुष्य. तो का संपला, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एका ओळीचे उत्तर मिळते : मोठ्या कंपन्यांपुढे छोटी टिकली नाही. मी पेशाने डॉक्टर आहे. मृत्यूचा दाखला लिहिताना आम्हांला एका ओळीवर थांबता येत नाही. त्या नमुन्यात वरच्या ओळीत तात्कालिक कारण लिहावे लागते, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते कारण, आणि सर्वांत खाली मूळ कारण. घरचे लोक वरची ओळ सांगतात, खालची ओळ शोधावी लागते. आजचा विषय मी त्याच रीतीने मांडणार आहे. पण दाखल्याआधी आयुष्य सांगितले पाहिजे.

लोहाराच्या भात्यापासून मोटारीपर्यंत

शिकागोच्या पूर्वेला, इंडियाना राज्यात साऊथ बेंड नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १८५२ मध्ये हेन्री आणि क्लेमंट या दोघा स्टुडबेकर भावांनी तेथे लोहाराचे दुकान काढले. भांडवल ६८ डॉलर आणि लोहारकामाच्या हत्यारांचे दोन संच. घोड्यांना नाल ठोकणे, गाड्या दुरुस्त करणे आणि जमेल तशी एखादी नवी गाडी बांधणे, असा धंदा. एकूण भाऊ पाच. त्यांतला जॉन सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांबरोबर कॅलिफोर्नियाला गेला. तेथे त्याने सोने खणले नाही. खाणीवाल्यांना माती वाहण्यासाठी लागणाऱ्या एकचाकी ढकलगाड्या तो बनवीत राहिला. १८५८ साली तो ८,००० डॉलर साठवून परत आला आणि ती रक्कम त्याने भावांच्या धंद्यात घातली. त्याच सुमारास थोरला हेन्री भागीदारीतून बाहेर पडून शेतीकडे वळला. हे घराणे जर्मन वंशाच्या एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. लष्करासाठी गाड्या बनवणे हेन्रीच्या मनाला पटत नव्हते, असे सांगितले जाते. अहिंसेच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस समजतो. पण धंदा वाढला तो नेमका लष्करी मागणीनेच. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याला गाड्या पुरवल्या आणि नंतर पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या कुटुंबांनी त्या विकत घेतल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्याच्या गाड्या बनवणारा हा जगातला सर्वांत मोठा कारखाना म्हणून ओळखला जात होता.

या घराण्याचे एक बोधवाक्य होते. त्याचा भावार्थ असा की, दिलेल्या शब्दापेक्षा गिऱ्हाइकाला नेहमी थोडे अधिकच द्यावे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

मोटारीचा जमाना आला तेव्हा घोडागाड्या बनवणारे बहुतेक कारखाने बुडाले. स्टुडबेकर तरले, हे त्यांचे खरे कर्तृत्व. १९०२ साली त्यांनी विजेवर चालणारी मोटार काढली. पहिल्या काही गिऱ्हाइकांत थॉमस एडिसन होते. १९०४ पासून पेट्रोलच्या मोटारी सुरू झाल्या. आधी इतरांकडून सांगाडे घेऊन आणि मग डेट्रॉईटमधली एक कंपनी विकत घेऊन त्यांनी ही विद्या आत्मसात केली. १९११ साली स्टुडबेकर कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि १९२० साली घोडागाड्यांचे उत्पादन बंद झाले. एका तंत्रातून दुसऱ्या तंत्रात इतक्या यशस्वीपणे गेलेली अशी दुसरी मोठी गाडी-कंपनी अमेरिकेत नाही.

पहिला झटका

१९१५ पासून कंपनीचे अध्यक्ष होते अल्बर्ट अर्स्किन. हुशार हिशेबनीस, पण स्वभावाने अतिआशावादी. १९२९ मध्ये महामंदी आली. मंदी लवकर संपेल, या समजुतीने त्यांनी भागधारकांना लाभांश वाटणे चालूच ठेवले. १९३० साली वाटलेला लाभांश त्या वर्षीच्या नफ्याच्या कित्येक पट होता. म्हणजे उरलेला पैसा गंगाजळीतून गेला. नवी यंत्रे, नवी मॉडेल्स आणि पडत्या काळातला आधार यांसाठी राखायची पुंजी अशी वाटून टाकल्यावर १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरांच्या ताब्यात आली. त्याच वर्षी जुलैत अर्स्किन यांनी आत्महत्या केली.

ही कंपनी तेव्हाच संपायची. पॉल हॉफमन आणि हॅरोल्ड व्हान्स या दोघा अधिकाऱ्यांनी ती वाचवली. हे हॉफमन म्हणजे युद्धानंतर युरोपला मदत करणाऱ्या मार्शल योजनेचे पहिले प्रशासक. त्यांनी कारखाना चालू ठेवला, कर्ज उभे केले आणि १९३९ साली ‘चॅम्पियन’ ही हलकी, कमी पेट्रोल खाणारी गाडी काढली. ती चालली. मग दुसरे महायुद्ध आले. स्टुडबेकरने सुमारे दोन लाख लष्करी ट्रक बनवले. त्यांतले बरेचसे सोव्हिएत रशियाला गेले. ‘कात्युशा’ नावाचे अग्निबाण सोडणारे रशियन सांगाडे याच ट्रकांवर बसवलेले असत. बी-१७ या बॉम्बफेकी विमानांची इंजिनेही साऊथ बेंडमध्ये तयार होत.

युद्ध संपल्यावर सर्व कंपन्या युद्धापूर्वीच्याच गाड्या किरकोळ बदल करून विकत होत्या. जुन्या प्रस्थापित कंपन्यांपैकी स्टुडबेकरने सर्वांआधी संपूर्ण नव्या आकाराची गाडी १९४७ चे मॉडेल म्हणून बाजारात आणली. रेमंड लोवी या नामांकित रचनाकाराच्या कार्यालयातले व्हर्जिल एक्सनर यांनी तिला रूप दिले होते. तिची मागची काच इतकी ऐसपैस होती की गाडी कोणत्या दिशेने चालली आहे तेच कळत नाही, असा विनोद तेव्हा प्रचलित होता. लोकांनी विनोदही केला आणि गाडीही घेतली. १९५० च्या मॉडेलच्या तीन लाखांहून अधिक गाड्या बनल्या. बाहेरून पाहणाऱ्याला ही कंपनी ठणठणीत वाटत होती.

दाखल्याची वरची ओळ

तात्कालिक कारण आता सांगतो. १९५३ मध्ये फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यात विक्रीची चढाओढ लागली. दोघांनीही भरमसाट गाड्या बनवून विक्रेत्यांच्या गळ्यात मारल्या आणि त्या सवलतीत विकल्या गेल्या. हत्तींच्या झुंजीत गवत तुडवले जाते, तशी गत छोट्या कंपन्यांची झाली. आपल्याकडच्या मिठाईच्या दुकानाचे उदाहरण घ्या. भट्टी, भाडे, आचारी यांचा खर्च रोजचा ठरलेला आहे. शंभर किलो माल विकणारा किलोमागे दोन रुपये कमी करू शकतो, दहा किलो विकणारा करू शकत नाही. मोटारीच्या धंद्यात पत्रा ठोकायचे साचे हा सर्वांत मोठा ठरलेला खर्च असतो. तो दहा लाख गाड्यांवर वाटला तर जाणवत नाही, लाखभर गाड्यांवर वाटला तर कंबर मोडतो.

त्याच वर्षी स्टुडबेकरने रॉबर्ट बर्क यांनी आखलेली ‘स्टारलायनर’ ही दोन दारांची ठेंगणी, देखणी गाडी आणली. अमेरिकेतल्या सर्वांत सुंदर गाड्यांत तिची आजही गणना होते. पण कारखान्याचा अंदाज होता की लोक मुख्यतः चार दारांच्या गाड्या घेतील. झाले उलटे. मागणी दोन दारांच्या गाडीला आली आणि तयारी दुसऱ्याच गाडीची होती. त्यात पुढच्या भागाचे पत्रे एकमेकांना नीट जुळेनात. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभे आणि द्यायला माल नाही, असे कित्येक आठवडे चालले. एकदा फिरलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे दुकानदाराला सांगायला नको.

मधली ओळ

पण किमतीचे युद्ध तर सर्वांनाच झेलावे लागले. स्टुडबेकरच का कोलमडली? येथे दुसरी ओळ येते. साऊथ बेंडच्या कारखान्यात एक माल तयार करायला डेट्रॉईटपेक्षा जास्त खर्च येत असे. इमारती जुन्या, मजल्यामजल्यांच्या, सामान वरखाली करावे लागे. मजुरीचे दर डेट्रॉईटपेक्षा वरचढ होते आणि कामाचा उरक कमी. हॉफमन आणि व्हान्स यांना संप नको होता. युद्धानंतर जे बनेल ते विकले जात होते, त्यामुळे कामगार संघटनेची प्रत्येक मागणी मान्य करणे सोपे होते. येथे शांतता विकत घेतली गेली आणि तिची किंमत पुढच्या वर्षांवर टाकली गेली. कामगारांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात हिशेबाची वही असते, जबाबदारी त्याची. शिवाय १९५४ मध्ये कंपनी अडचणीत आहे हे पटल्यावर याच कामगारांनी मतदान करून स्वतःची पगारकपात मान्य केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेट्रॉईटच्या पॅकार्ड या प्रतिष्ठित कंपनीने स्टुडबेकरला आपल्यात सामावून घेतले. पॅकार्डचे अध्यक्ष जेम्स नान्स यांना वाटले, आपल्याकडे उंची गाड्या आहेत, त्यांच्याकडे सर्वसामान्यांच्या गाड्या आणि मोठे विक्रेत्यांचे जाळे आहे, दोन्ही मिळून घर भरेल. लग्नाआधी करायची चौकशी मात्र त्यांनी वरवर केली. स्टुडबेकरला तोटा टाळण्यासाठी वर्षाला सुमारे १,६५,००० गाड्या विकाव्या लागतात, असा त्यांचा समज होता. नंतर वह्या तपासल्यावर तो आकडा सुमारे २,८२,००० निघाला. आणि त्या वर्षी विक्री लाखाच्याही आत होती. दोन आजारी माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकला म्हणून दोघे बरे होत नाहीत. १९५६ मध्ये पॅकार्डचा डेट्रॉईटचा कारखाना बंद झाला आणि १९५८ मध्ये पॅकार्ड हे नावच मोटारींवरून पुसले गेले.

मध्ये एकदा नाडी सुधारली. हॅरोल्ड चर्चिल या अध्यक्षांनी जुन्याच सांगाड्यावर, जुन्याच साच्यांचा उपयोग करून ‘लार्क’ ही आटोपशीर गाडी १९५९ साठी काढली. ती भरपूर खपली आणि बऱ्याच वर्षांनी कंपनीला चांगला नफा झाला. पण वर्षभरात तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपापल्या छोट्या गाड्या आणल्या आणि लार्कची विक्री घसरली. नंतरचे अध्यक्ष शेरवूड एगबर्ट यांनी लोवी यांच्याकडून ‘अवांती’ ही फायबरग्लासची वेगवान गाडी करवून घेतली. तिचा आकार अवघ्या काही आठवड्यांत ठरला, पण फायबरग्लासचे भाग नीट जुळेनात, गाड्या वेळेवर मिळेनात. दहा वर्षांपूर्वीच्या स्टारलायनरची पुनरावृत्ती झाली.

सर्वांत खालची ओळ

मूळ कारण आता स्पष्ट होते. १९३० चा लाभांश घ्या, युद्धानंतरची मजुरी घ्या, किंवा जुन्या इमारती आणि यंत्रे न बदलणे घ्या. तिन्ही वेळा आजचे भागवण्यासाठी उद्याच्या नावावर उचल केली गेली. प्रत्येक वेळी घेणारा वेगळा होता : कधी भागधारक, कधी कामगार, कधी खुद्द व्यवस्थापन. प्रत्येकाला ते आपल्या हक्काचे वाटले. उचल फेडायचे वर्ष नेमके मंदीचे किंवा चढाओढीचे निघाले.

या सवयीचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे निवृत्तिवेतन. १९५० मध्ये कंपनी आणि संघटना यांनी पेन्शन योजना सुरू केली. त्यात एक मेख होती, ती समजून घेतली पाहिजे. समजा एखाद्या कामगाराची १९५० पर्यंत वीस वर्षे नोकरी झाली आहे. योजनेने ती वीस वर्षेही पेन्शनसाठी धरली. हे न्याय्यच होते. पण त्या वीस वर्षांसाठी निधीत एक पैसाही जमा नव्हता. ती मागील बाकी पुढच्या तीस वर्षांत हप्त्याहप्त्याने भरायची, असे ठरले. पुढे दर काही वर्षांनी पेन्शनची रक्कम वाढवली गेली आणि प्रत्येक वाढीबरोबर नवी मागील बाकी चढत गेली. कंपनीने हप्ता चुकवला नाही. कायद्याने सर्व ठीक होते. फक्त एक गोष्ट गृहीत धरली होती, की कारखाना आणखी तीस वर्षे चालेल.

तो तेरा वर्षे चालला. ९ डिसेंबर १९६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, साऊथ बेंडचा कारखाना बंद होणार असे जाहीर झाले. २० डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, तेथली शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे सात हजार माणसांचे काम गेले. कॅनडातील हॅमिल्टनच्या कारखान्यात मार्च १९६६ पर्यंत थोड्या गाड्या बनत राहिल्या आणि मग स्टुडबेकर मोटार संपली. येथे एक बारकावा आहे. कंपनी संपली नाही. तिने मधल्या काळात इतर धंदे विकत घेतले होते, ती दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन पुढे चालू राहिली. भागधारकांच्या हाती काहीतरी उरले. कामगारांच्या हाती काय उरले, ते पाहा.

निधीत होते तेवढे पैसे ठरलेल्या क्रमाने वाटले गेले. आधीच निवृत्त झालेले आणि साठी ओलांडून दहा वर्षे नोकरी झालेले, असे सुमारे ३,६०० लोक. त्यांना पूर्ण पेन्शन मिळाले. त्यानंतर निधीत फारसे उरलेच नाही. चाळीस ते एकोणसाठ वयाचे, दहा वर्षांहून अधिक नोकरी झालेले सुमारे ४,००० लोक होते. त्यांना आपल्या हक्काच्या सरासरी पंधरा टक्के रक्कम एकदाच मिळाली. या गटाचे सरासरी वय ५२ आणि सरासरी नोकरी २३ वर्षे होती. बाकीच्या सुमारे २,९०० जणांना काहीही मिळाले नाही. साठाव्या वर्षाला काही महिने कमी पडलेला माणूस आणि ते नुकतेच ओलांडलेला त्याचा शेजारी, दोघांनी एकाच यंत्रावर आयुष्य घालवले असले तरी म्हातारपणी त्यांची गाठ दोन वेगळ्या नशिबांशी पडली. पन्नाशीतल्या माणसाला, तेही गावातला सर्वांत मोठा कारखाना बंद झालेला असताना, नवे काम मिळणे किती अवघड असते हे आपणांस सांगायला नको.

दिलेल्या शब्दापेक्षा अधिक द्यावे म्हणणाऱ्या घराण्याच्या नावाने अखेरीस शंभरातले पंधरा दिले. तोवर घराण्यातले कोणी कारभारात उरले नव्हते, हे खरे. पण पाटी त्यांचीच होती.

मागे काय उरले

हे प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेले. अशीच पेन्शन बुडण्याची इतर उदाहरणेही पुढे आली. दहा वर्षांच्या चर्चेनंतर २ सप्टेंबर १९७४ रोजी, तेथील कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ‘एरिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. काही वर्षे नोकरी झाली की पेन्शनचा हक्क पक्का, कबूल केलेल्या पेन्शनसाठी निधी वेळच्या वेळी भरणे सक्तीचे, आणि कंपनी बुडाली तर ठराविक मर्यादेपर्यंत पेन्शन देणारी सरकारी विमा संस्था, ही त्याची तीन मुख्य अंगे. साऊथ बेंडच्या त्या चार हजार लोकांना त्याचा उपयोग झाला नाही. कायदा मागच्यांसाठी नव्हता. पण त्यानंतर लक्षावधी अमेरिकन कामगारांची म्हातारपणची भाकरी त्यांच्या नुकसानीमुळे सुरक्षित झाली, असे त्या कायद्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

साऊथ बेंडमध्ये आज स्टुडबेकरचे संग्रहालय आहे. ढकलगाडीपासून अवांतीपर्यंत सर्व काही तेथे आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकन ज्या रात्री नाटकाला गेले आणि परतले नाहीत, त्या रात्रीची त्यांची घोडागाडीही आहे. लोक गाड्यांची चकाकी पाहतात आणि त्यात गैर काही नाही. मला मात्र त्या पेन्शन योजनेतला तीस वर्षांचा हप्ता जास्त बोलका वाटतो.

आपण महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या राहिलेली माणसे. आपली वाचनालये, मंडळे, शाळा, वसतिगृहे पूर्वजांनी कायम निधी ठेवून उभी केली. त्या निधीच्या व्याजावर दिवाबत्ती आणि पगार भागावा, मुद्दलाला हात लागू नये, हा त्यामागचा नियम होता. कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेत आपण जमाखर्च मंजूर करतो तेव्हा या वर्षीची शिल्लक पाहतो. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे. या वर्षी आपण ज्या गोष्टी कबूल केल्या, शिपायाचे निवृत्तिवेतन असो, इमारतीची दुरुस्ती असो की एखादे पारितोषिक, त्यांच्यासाठी पैसे आजच बाजूला काढले आहेत का? आणि नसतील, तर ते कोणत्या वर्षी, कोणाच्या खिशातून येणार आहेत? उत्तर कोषाध्यक्षांकडे तयार असेल तर सभा पाच मिनिटे लांबेल. नसेल, तर ती लांबलेलीच बरी.